भावजींनी वसवलेलं गाव

एखादी गोष्ट सुरू करण्यात आमच्या भावजींचा हात धरणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडला नसता. संपवण्याच्या बाबतीत मात्र त्यांना कुणीही सहज हरवलं असतं. भावजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. ओझरच्या विमान कारखान्यात ड्रॉइंगच्या विभागात नोकरी, लग्न नाही, आणि इंदिरानगरच्या पार टोकाला, जिथे तेव्हा घरांपेक्षा द्राक्षांचे मळे जास्त होते, तिथे स्वतः बांधलेलं दोन खोल्यांचं घर. त्या दोन खोल्यांत अर्धवट गोष्टींचं एक संग्रहालयच होतं. पेटी होती, तिच्यावर पहिले चार अलंकार येत होते. रशियन भाषेचं पुस्तक होतं, त्यात खूण सातव्या पानावर होती. मधमाश्यांच्या दोन पेट्या होत्या. पेट्या आल्या, पण मधमाश्या काही आल्या नाहीत. होमिओपॅथीच्या बाटल्या होत्या, त्यातल्या साखरेच्या गोळ्या मुंग्यांनी नेल्या होत्या आणि मुंग्या ठणठणीत होत्या. मी शाळेत हेडक्लार्क. कामांची यादी केल्याशिवाय मी सकाळी दात घासत नाही, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. त्यात तथ्य नाही. दात घासणं यादीत पहिलंच असतं. तेव्हा भावजींच्या घरात पाऊल टाकलं की माझ्या अंगावर काटा यायचा हे कुणीही समजू शकेल. "भावजी, यातलं एक तरी पुरं करा," मी म्हणायचे. "करायचंच आहे वहिनी," ते अगदी मनापासून म्हणायचे, "आधी जरा सुरुवात नीट जमू दे."

त्यांचा दुसरा छंद रस्ता सांगण्याचा. नाशकात परक्या माणसाने रस्ता विचारायचा आणि आपण हाताने दाखवायचा, एवढाच त्याचा मामला असतो. भावजींचं तसं नव्हे. त्यांना कुणी रस्ता विचारला की त्यांचा चेहरा उजळायचा. ते आधी त्या माणसाला गाव विचारायचे, मग काम विचारायचे, आणि मग त्याच्याबरोबर चालायला लागायचे. एकदा सीबीएसजवळ एका म्हातारीने त्यांना विचारलं, "दादा, वणीची गाडी कुठून सुटती?" बरोबर सून होती, दोन गाठोडी होती. भावजींनी त्यांना फलाटापर्यंत नेलं, गाडीत बसवलं, गाठोडी वर ठेवली आणि म्हातारी सप्तशृंगीला कसला नवस फेडायला चालली आहे ते ऐकत असतानाच कंडक्टरने घंटी मारली. भावजी वणीला उतरले. दुसऱ्या दिवशी परतले ते हातात प्रसादाचा नारळ घेऊन. आमचे हे संतापले. "अरे, गाडी सुटली तर उतरायचं नाही का?" भावजी म्हणाले, "म्हातारीचं सांगून व्हायचं होतं, दादा."

लग्न का झालं नाही, याचंही कारण साधारण याच वळणाचं. मुली पाहायला आम्ही त्यांना तीन-चार ठिकाणी नेलं होतं. पोहे खाऊन झाल्यावर मुलीकडचे म्हणायचे, काही विचारायचं असेल तर विचारा. बाकीचे लोक स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, असं विचारतात. भावजींनी एका मुलीला विचारलं, "अनोळखी गावात गेलात तर तुम्ही नकाशा बघाल, की कुणाला विचाराल?" मुलगी बावरली, तिने वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "ती एकटी जाणारच नाही." भावजींना याचं इतकं वाईट वाटलं की परतताना रिक्षावाल्यालाही त्यांनी रस्ता सांगितला नाही. पुढे माणसं स्थळं सुचवायची थांबली आणि भावजींनीही तो विषय सोडून दिला.

एकटेपणाची त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरताना ते ड्रायव्हरला "बरंय" म्हणत आणि सोमवारी सकाळी त्याच ड्रायव्हरला "नमस्कार" म्हणत. मधल्या रविवारी त्यांच्या तोंडून शब्द निघाला की नाही, हे सांगायला कुणी नव्हतं. घरात कॅरम होता. त्यावर ते उजव्या हाताविरुद्ध डावा हात असा सामना लावायचे. खुर्ची बदलायचे, समोरच्याची सोंगटी चुकली की "अरेरे" म्हणायचे. उजवा हात नेहमी जिंकायचा. एकदा मात्र डाव्याने राणी घेतली आणि भावजी पेढे घेऊन थेट पंचवटीला आमच्याकडे हजर. "कुणाला काय झालं?" आमच्या ह्यांनी घाबरून विचारलं. कारण कळल्यावर त्यांनी पेढा तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खा. जिंकलाय तो."

हे सगळं चालू असताना, पंच्याऐंशीच्या आगेमागे, त्यांच्या घरात ते यंत्र आलं. कारखान्यातला एक सहकारी परदेशात प्रशिक्षणाला जाऊन आला होता, त्याने मुलांसाठी एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता. मुलांचं मन महिन्याभरात उडालं. भावजींनी त्याला वाजवायची पेटी दिली आणि कॉम्प्युटर घेतला. शाळेच्या पाटीएवढं ते यंत्र. त्याची बटणं खोडरबरासारखी मऊ. ते टीव्हीला जोडायचं, म्हणजे टीव्ही त्याचा पडदा व्हायचा. त्याला जे करायला सांगायचं ते ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे घालून लिहायचं, आणि लिहिलेलं जपून ठेवायचं ते आपल्या नेहमीच्या कॅसेटवर. पुन्हा हवं असेल तेव्हा कॅसेट लावायची, की टेपरेकॉर्डर पाच मिनिटं कर्णकर्कश किंचाळायचा आणि मग पडद्यावर सगळं परत उगवायचं. भावजींच्या शेजारी मालेगावहून आलेले एक चाचा राहत. तिकडे त्यांचे माग होते, आता मुलाकडे येऊन राहिले होते. पहिल्यांदा तो आवाज ऐकून ते कुंपणाशी धावत आले. "भाईसाब, क्या हुआ? उसके पेट में दर्द है क्या?" भावजींनी त्यांना आत बोलावून सगळं दाखवलं. चाचा म्हणाले, "हमारे करघे भी इतना नहीं चिल्लाते थे."

नव्या कॅसेटी आणायचं भावजींना सुचायचं नाही, म्हणून ते घरातल्या जुन्याच कॅसेटींवर लिहायचे. सासूबाईंच्या आरत्यांची एक कॅसेट त्यांनी अशीच वापरली आणि चुकून परत आमच्याकडे पाठवली. त्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी शंख फुंकला, आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेने टेप लावला, आणि सगळे हात जोडून उभे असताना त्यातून ते किंचाळणं सुरू झालं. गुरुजींच्या हातातलं ताम्हन खाली पडलं. भावजी मात्र मागच्या रांगेत उभे राहून लक्ष देऊन ऐकत होते. "हे तिसरं घर आहे," ते हळूच मला म्हणाले.

तर हे तिसरं घर भावजींनी वसवलेल्या गावातलं. त्या सहकाऱ्याने यंत्राबरोबर एक परदेशी खेळ दिला होता. त्यात आपण एक पात्र निवडायचं, योद्धा किंवा मांत्रिक, आणि मग शब्द टाइप करून एका अनोळखी मुलखातून वाट काढायची. भावजी तो खेळ दोन रविवार खेळले आणि तिसऱ्या रविवारी आमच्याकडे आले ते तापलेलेच. "वहिनी, त्या खेळात माणूस कुणाच्याही घरात शिरतो. दार वाजवत नाही, हाक मारत नाही. कपाट उघडतो आणि तलवार घेऊन चालू लागतो! आणि त्याबद्दल त्याला गुण मिळतात!" आमचे हे म्हणाले, "खेळ आहे तो." "म्हणून काय झालं?" भावजी म्हणाले. "खेळ म्हणून काय कुणाच्या माजघरात जायचं?" आणि त्याच दिवशी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, त्यांनी जाहीर केलं की आपण स्वतः असा खेळ तयार करणार. रीतसर. माणसं असलेला.

सुरुवात अर्थातच झकास झाली. त्यांच्या खेळात योद्धा नव्हता. तुम्ही शिक्षक होऊ शकत होतात, कासार होऊ शकत होतात, वैदू किंवा तलाठी. तलाठी निवडला तर प्रत्येक घरात पाहुणचार व्हायचा, पण खरं कुणी बोलायचं नाही. कासार निवडला तर बायका मन मोकळं करायच्या, पण पळालात की बांगड्या फुटायच्या. परदेशी खेळात मार बसला की रक्त कमी व्हायचं. भावजींच्या खेळात कुणी कुणाला मारत नव्हतं. इथे पित्त वाढायचं. उन्हात चाललात, उपाशी राहिलात, चहा जास्त झाला की पित्त. ते शिगेला पोचलं की धर्मशाळेत जाऊन आडवं व्हायचं. आणि खेळाचं उद्दिष्ट काय? खजिना नाही, राजकन्या नाही. पहिल्या गावच्या एसटी थांब्यावर एक बाई भेटते. ती म्हणते, डोंगरापलीकडे माझी बहीण असते, तिला सांगा मी बरी आहे. एवढा निरोप पोचवायचा. बस. "यात काय मजा?" आमच्या ह्यांनी विचारलं. भावजी म्हणाले, "पोचला तर?"

यंत्राला देवनागरी येत नसे, म्हणून सगळी माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी बोलायची. पण भावजी त्यांच्याबद्दल असं बोलायचे, जणू सगळे त्यांच्याच गल्लीतले. "धर्मशाळेतल्या बाबांना आज खोकला दिला." "वाण्याच्या बायकोला अजून बोलता येत नाही, येत्या रविवारी शिकवतो." एकदा मी डबा द्यायला गेले तर ते उदास बसलेले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "गुरवाची म्हैस कुठे ठेवली तेच आठवत नाही. कॅसेटवर घेण्याआधीच परत वीज गेली." मला क्षणभर म्हशीचीच काळजी वाटली.

पण खेळ काही पुढे सरकेना. याचं कारण भावजींनी मला एका वाक्यात सांगितलं, आणि त्या वाक्यात त्यांचं सगळं दुखणं आलं. ते म्हणाले, "मी लपवलेली वस्तू मलाच कशी सापडणार, वहिनी?" गाव त्यांनी वसवलेलं, वाटा त्यांनी आखलेल्या, कोण काय बोलणार ते त्यांना पाठ. त्यांना स्वतःला त्या गावात हरवता येत नव्हतं. कॅरमसारखं हात बदलून भागणारं हे काम नव्हतं. त्यांना एकच माणूस हवा होता. दुसरा माणूस. थांब्यावर उतरून, डोंगरापलीकडे जाऊन, निरोप सांगेपर्यंत खेळणारा. तो मिळाला की खेळ झाला, नाही तर ते पडद्यावरचं गाव म्हणजे आणखी एक मधमाश्यांची पेटी.

माणसं शोधण्यात त्यांनी कसूर केली नाही. कारखान्यातल्या एका मित्राला रविवारी जेवायला बोलावलं. मित्राने तलाठी निवडला, पहिल्याच घरात मालकाला ठोसा मारायचा हुकूम टाइप केला, आणि यंत्राला ठोसा हा शब्दच येत नाही म्हटल्यावर जेवून निघून गेला. मग आमच्या ह्यांना बसवलं. ह्यांना पहिल्या घरात विचारलं गेलं, चहा घेणार का? ह्यांनी टाइप केलं, साखर कमी. यंत्राने पुन्हा विचारलं, चहा घेणार का? ह्यांनी पुन्हा टाइप केलं, साखर कमी. "याला मधुमेह कळत नाही," ह्यांनी निकाल दिला आणि वर्तमानपत्र उघडलं. मग चाचा. चाचांनी आत शिरताच सलाम टाइप केला. उत्तर आलं नाही. भावजींचा चेहरा इतका पडला की चाचाच त्यांना समजवायला लागले, "कोई बात नहीं भाईसाब, नया गाँव है, अभी पहचान नहीं हुई." पुढच्या रविवारपर्यंत भावजींनी गावाच्या पश्चिमेला एका विणकराचं घर बांधलं. तिथे सलामाला व्यवस्थित उत्तर मिळायचं, वर मुलाबाळांची चौकशी व्हायची. चाचा त्या घरात गेले आणि तिथून हलेचनात. "भाईसाब, हम यहीं ठीक हैं," ते म्हणाले. "डोंगर-बिंगर तुम्हीच चढा."

त्यानंतर बरेच दिवस कुणी आलं नाही. त्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले, शिवून आणलेल्या उशांच्या खोळी द्यायला. दार उघडंच होतं. भावजी टीव्हीसमोर पाठमोरे बसले होते आणि मोठ्याने बोलत होते. "आता कुठे बरं जावं? उजवीकडे जावं का? हां, उजवीकडे काहीतरी असेल असं वाटतंय." उजवीकडे विहीर होती आणि वाट बंद होती. मलासुद्धा माहीत होतं, त्यांनीच दहादा सांगितलेलं. ते उजवीकडे गेले. "अरेच्चा! इथे तर वाट बंद," ते म्हणाले. आणि मग, बऱ्याच वेळाने, अगदी हळू, "अरेच्चा," असं पुन्हा एकदा.

मी खोळी कॉटवर ठेवल्या, पर्स ठेवली आणि म्हटलं, "सरका, भावजी. मी खेळते."

ते इतके गडबडले की स्टूल आडवं झालं. "तुम्ही? तुम्हाला वेळ आहे?" "तासभर आहे. पाचला निघणार. पात्रात हेडक्लार्क आहे का?" नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे चार ओळी लिहून घातला. "ताकद वीस," ते पुटपुटले, "हुशारी नव्वद, संयम..." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाच टाकले. मी थांब्यावर उतरले. त्या बाईचा निरोप ऐकून घेतला. पहिल्या घराचं दार वाजवलं. पडद्यावर अक्षरं उमटली: या, बसा. चहा टाकते.

मी टाइप केलं, नको.

असं कसं? अर्धा कप तरी.

नको.

पहिल्यांदाच आलात, कोरड्या तोंडाने जाऊ नका.

नको.

या, बसा. चहा टाकते.

"भावजी, हे परत पहिल्यापासून आलं."

"हो, आग्रह आहे तो," भावजी कौतुकाने म्हणाले. "पहिला नको कुणी धरत नाही ना, म्हणून तो मी धरलाच नाही. दुसराही नाही."

"आणि तिसरा?"

"तिसरा?" ते म्हणाले.

मी त्यांना आधी आपल्या शाळेच्या आवाजात समजावून सांगितलं. नको म्हटलं तर ही बाई मरेपर्यंत आग्रह करत राहणार. हो म्हटलं तर चहा प्यावा लागणार, आणि पहिल्या गावात घरं किती? प्रत्येक घरी चहा, म्हणजे पित्त, म्हणजे धर्मशाळेत आडवं व्हायचं, आणि उठलं की परत पहिलं घर. "भावजी, तुमच्या गावातून कुणी बाहेर पडूच शकत नाही! तुमचा तो मित्र आणि आमचे हे गेले ते बरं झालं. अजून तिथेच चहा पीत बसले असते." भावजी पडद्याकडे बघत राहिले. हे त्यांच्या खरोखरच लक्षात आलं नव्हतं. स्वतः खेळताना ते प्रत्येक घरी हो म्हणायचे आणि धर्मशाळेत खुशाल आडवे व्हायचे. "पण माणसाला कधी खरंच नको असतं की," मी म्हटलं. "मग यजमान काय करतो?"

"काय करतो?" भावजींनी विचारलं. मला वाटलं ते चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. "मला तिसऱ्यांदा कुणी विचारल्याचं आठवत नाही, वहिनी. दुसऱ्या खेपेलाच मी हो म्हणतो. पुढे काय होतं ते मला माहीत नाही."

अशा वेळी मी कामाला लागते. "लिहून घ्या," मी म्हटलं. "तिसऱ्यांदा नको म्हटलं की म्हणायचं, बरं, मग सुपारी तरी घ्या. सुपारी द्यायची. दारापर्यंत सोडायला यायचं. पुढच्या खेपेला मात्र जेवायलाच यायचं, असं म्हणायचं. आणि जाऊ द्यायचं." भावजींनी ते शब्द न् शब्द घातलं. मी पुन्हा दार वाजवलं, तीनदा नको म्हटलं, सुपारी घेतली आणि बाहेर पडले. त्या गावातल्या एखाद्या घरातून चहा न पिता कुणी बाहेर पडण्याची ती पहिलीच वेळ. भावजींनी टाळ्या वाजवल्या. पाच कधी वाजून गेले ते मला कळलं नाही, आणि हे मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही, स्वतःबद्दल तर नाहीच.

त्यानंतर दर रविवारी चार वाजता मी इंदिरानगरला. माझी पद्धत साधी. जे मोडलंय ते आधी, जे हवंय ते नंतर, जे सुचलंय ते सगळ्यात शेवटी. भावजींना एकदम सात गावं सुचलेली होती आणि सातही गावांची वेस तेवढी बांधून झाली होती. मी सांगितलं, सात नाहीत, तीन. आणि पहिलं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. त्यांनी ऐकलं. आठवडाभर कारखान्यातून येऊन ते बांधायचे, रविवारी मी जाऊन चालायचे आणि काय मोडलं ते सांगायचे. "वहिनी, शाळामास्तरांना विचारा ना काहीतरी." "मला घाई आहे भावजी." "विचारा तरी, बिचारे तीन दिवस झाले उत्तर पाठ करून बसलेत." मग मी विचारायचे. आमचे हे म्हणायचे, "दोघांना वेड लागलंय." पण रविवारी साडेतीनला तेच मला आठवण करायचे आणि कधी भावजींसाठी थालीपीठ बांधून द्यायला सांगायचे.

पुढच्या उन्हाळ्यात खेळ पुरा झाला. मी नावेने नदी ओलांडली, डोंगर उतरले, शेवटच्या गावात शिरले, बहिणीचं घर विचारत विचारत गेले. दार वाजवलं. निरोप सांगितला. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, जीव टांगणीला लागला होता. आणि खाली अक्षरं आली: समाप्त.

भावजी उठले. टीव्हीच्या बटणावर हात ठेवून उभे राहिले, पण बंद केला नाही. "झालं," ते म्हणाले. "हो, झालं," मी म्हटलं. "उत्तम झालं. आता दुसरा सुरू करा." ते हसले, पण मान हलवली. चहा केला, मी घेतला, आणि त्या दिवशी प्रथमच ते मला सोडायला बसथांब्यापर्यंत आले. बस दिसल्यावर म्हणाले, "म्हणजे आता पुढच्या रविवारी काही नाही." "कसं नाही? तुम्ही आमच्याकडे जेवायला या." "हो," ते म्हणाले, "बघतो."

ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आमचे हे कारखान्याच्या बसपाशी जाऊन स्वतः सांगून आले, तरी नाही. "काय काम होतं का?" त्यांनी ह्यांना विचारलं म्हणे. काम काही नव्हतं. आणि काम नसताना कुणाच्या घरी जाऊन बसायचं, हे आमच्या भावजींना येत नव्हतं. वणीपर्यंत जातील, पण त्यासाठी कुणीतरी रस्ता विचारायला हवा. माझ्या हे लक्षात यायला तीन रविवार लागले.

चौथ्या रविवारी चार वाजता मी त्यांच्या दारात उभी राहिले. घर एकदम नीटनेटकं होतं. कॅरम सुद्धा भिंतीला टेकवून ठेवलेला. यंत्रावर टॉवेल घातला होता.

"भावजी, ते जरा लावा. मला नदीपाशी अडचण आली आहे."

"कसली अडचण?"

"नावाडी नाव सोडतच नव्हता ना? मग आपण काय केलं होतं? मी विसरले."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. त्या नावाड्याला आधी त्याच्या सासरी गेलेल्या लेकीची खुशाली विचारायची, मगच तो नाव सोडतो, हे त्या खेळात मीच घालायला लावलं होतं. अक्षरं सुद्धा मी सांगितलेली. ते त्यांना माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं.

"विसरलात?" त्यांनी विचारलं. "तुम्ही?"

"वय झालं," मी म्हटलं.

मग त्यांनी टॉवेल काढून त्याची नीट घडी केली. "असं मधूनच नदीवर नाही जाता येत," ते म्हणाले. "पहिल्यापासून यावं लागेल. थांब्यापासून."

"चालेल. पाचपर्यंत आहे मी."

"पाचपर्यंत कसं होईल? दोन-तीन रविवार तरी लागतील."

"लागू देत," मी म्हटलं.

असे पुढे दोन वर्षं ते रविवार लागत राहिले. मी कधी म्हैस विसरले, कधी डोंगराची वाट, एकदा तर बहिणीचं नावच विसरले. भावजी दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करायचे आणि कधी काही बोलायचे नाहीत. मग त्यांची बदली झाली, लांब, दक्षिणेत. नाशिकरोडला त्यांना गाडीत बसवलं तेव्हा यंत्र त्यांनी मांडीवर घेतलं होतं. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, हे काय आहे, आणि भावजी सांगू लागले. गाडी हलली तेव्हा ते आमच्याकडे बघत नव्हते, आणि मला त्याचं बरं वाटलं.

माझा आठवडा अजून आखलेलाच असतो. रेशन, दळण, शाळेचं हिशेबाचं काम, ह्यांची औषधं, सगळं ज्या त्या वारी, ज्या त्या वेळी. रविवारी चारला मात्र मी काही ठेवत नाही. आमच्या ह्यांनी परवा सुचवलं की निदान त्या वेळात कपाट आवरून टाक. मी म्हटलं, बघते.